भुशाचा ॲक्टिव्हेटेड कार्बन: मेथिलीन ब्लू साफ होतोय, आमचा काळा रंग मात्र ढिम्म

धायरीची_रंगारीण

नमस्कार मंडळी. माझं पुण्यात धायरीला छोटं डाइंग युनिट आहे, कॉटनचे दुपट्टे आणि कुर्त्याचं कापड, टाय-डाय जास्त, बाटिक थोडं. रंग सगळे रिॲक्टिव्ह (कापडाशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे), कोल्ड ब्रँड, आणि काळ्यासाठी मात्र रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ वापरतो. काळा, मरून आणि नेव्ही यांनाच मागणी. दिवसाला दीड-दोन हजार लिटर रंगीत पाणी निघतं, त्यात मीठ आणि सोडा ॲश असतोच.

आता मोठी जागा घेतोय तर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, लागणार, एका पार्टीकडून कोटेशन मागवलं आणि आकडा बघून मी दोन दिवस जेवले नाही म्हणा. त्यातला बराच भाग कार्बन फिल्टर आणि त्यातल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे रंग शोषून घेणाऱ्या कोळशाचा. माझा भाचा केमिकल इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मावशी आपण घरीच करू, लाकडाच्या भुशापासून होतो, स्वस्त पडतो. टिंबर मार्केटमधल्या एका वखारीतून भुसा आणला, फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवला, कॉलेजच्या मफल फर्नेसमध्ये (छोट्या बंद भट्टीत) ४५० डिग्रीला ठेवला, धुतला, वाळवला. मेथिलीन ब्लू या चाचणीच्या रंगाच्या निळ्याशार पाण्यात चिमूटभर टाकून हलवलं तर दहा मिनिटांत बिसलेरीसारखं पाणी! आम्ही खूश.

मग आमच्या काळ्या बाथचं पाणी घेतलं, त्यात तेवढाच टाकला, मग दुप्पट, मग चौपट. रात्रभर ठेवलं तरी पाणी जांभळट काळंच. म्हणजे कार्बन खराब आहे, की आमचं पाणी, की काय चुकतंय? आणि हे सगळं खरंच स्वस्त पडतं का, कारण ॲसिडचं बिल बघून मला आता शंका यायला लागलीये.

पिंपरी_ईटीपी

ताई पहिला प्रश्न, त्या काळ्या पाण्याचा पीएच किती होता? सोडा ॲश घातलेला बाथ म्हणजे १०.५ ते ११ धरून चाला. तसंच्या तसं पाणी घेऊन त्यात कार्बन टाकला असेल तर रंग धरणार नाही, कोणाचाही कार्बन असू दे. पट्टी लावून बघा आणि इथे टाका.

धायरीची_रंगारीण

पट्टी ११ दाखवतेय. मेथिलीन ब्लू साध्या पाण्यात केला होता.

गणेशखिंड_केमिस्ट

मग उत्तर तिथेच आहे. भाच्याचा कार्बन खराब नाहीये, उलट त्याने बरा बनवलाय. फक्त त्याने परीक्षा सोप्या पेपरची घेतली.

मेथिलीन ब्लू हा पॉझिटिव्ह चार्जचा रंग आहे आणि रेणू छोटा, रेणूभार ३२० च्या आसपास. फॉस्फोरिक ॲसिडने बनवलेल्या कार्बनच्या पृष्ठभागावर भरपूर ॲसिडिक गट असतात, साध्या पाण्यात ते निगेटिव्ह होतात, त्यामुळे मेथिलीन ब्लू लोहचुंबकाला टाचणी चिकटावी तसा जाऊन चिकटतो. तुमचे रिॲक्टिव्ह रंग बरोबर उलटे. त्यांना पाण्यात विरघळवण्यासाठीच सल्फोनेट गट लावलेले असतात, म्हणजे रंग निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चा तर रेणूभारही हजाराच्या आसपास. पीएच ११ ला कार्बन पण निगेटिव्ह आणि रंग पण निगेटिव्ह, एकमेकांना ढकलतात. वर रेणू एवढा दांडगा की दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रांमध्ये तो शिरायला मागत नाही. त्यासाठी जरा मोठी छिद्रं लागतात, मेसोपोअर म्हणतात ती, २ ते ५० नॅनोमीटरची. आनंदाची गोष्ट ही की लाकूड अधिक फॉस्फोरिक ॲसिड या जोडीत मेसोपोअर चांगले मिळतात, नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतेक बारीकच असतात. म्हणून वापरायचाच असेल तर लाकडाचा, ही भाच्याची निवड योग्य आहे.

जगभरच्या अर्ध्याअधिक पेपरांमध्ये "टेक्स्टाइल वेस्टवॉटर" असं शीर्षक असतं आणि आत डिस्टिल्ड वॉटरमध्ये मेथिलीन ब्लू असतो. कार्बनवर किती रंग बसतो त्याचा लँगम्युअरचा ग्राफ सरळ येतो, ग्रॅमला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम कपॅसिटी लिहिता येते, गाईड खूश. त्याच कार्बनवर खऱ्या बाथमधला काळा रंग ग्रॅमला पन्नास मिलिग्रॅम बसला तरी मला नवल वाटणार नाही.

करून बघायला सांगा: तेच काळं पाणी दहापट पातळ करा, थोडं थोडं ॲसिड घालून पीएच ४ वर आणा, शंभर शंभर मिलीच्या बाटल्यांत कार्बनचे वेगवेगळे डोस टाका, दोन तास हलवा, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचा. एक बाटली बिनकार्बनची ठेवा, कारण पीएच बदलल्यावर काही रंगांची छटा आपोआप बदलते आणि आपल्याला वाटतं कार्बनने काम केलं. आणि गाळून झाल्यावरही बारीक कोळसा पाण्यात राहतो, तो रीडिंग वाढवतो, तेव्हा सेंट्रिफ्यूज असेल तर फिरवून घ्या.

वखारवाला

भुशाबद्दल दोन शब्द बोलतो, बाकी केमिस्ट्रीतलं मला कळत नाही. टिंबर मार्केटचा भुसा म्हणजे सरमिसळ असते ताई. सागवान, पाइन, बाभूळ, आणि हल्ली प्लायवूड आणि एमडीएफ कापलेला पण त्याच पोत्यात. एमडीएफमध्ये गोंद-रेझिन असतं, ते जाळू नका, वास पण घाण येतो. करवतीखालचा निव्वळ लाकडाचा भुसा वेगळा मागा, नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर देतात.

दुसरं, चाकण-भोसरीकडे पॅकिंगचे पाइनचे पॅलेट भंगारात ढिगाने मिळतात, ते लाकूड सरळ आणि बऱ्यापैकी स्वच्छ असतं. त्यावर शिक्का बघायचा. एचटी असेल तर नुसतं उष्णतेने ट्रीट केलंय, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. ऑइल सांडलेलं तर अजिबात नको.

आणि कोणी म्हणालं की एवढा खटाटोप कशाला, लोणारी कोळसा आणून कुटून टाका, तर तसं होत नाही. वेड्या बाभळीचा कोळसा तंदूरवाल्यांना मी वर्षानुवर्षं दिलाय, एकदा एका पोराने प्रोजेक्टसाठी नेला होता, रंग काही ओढेना म्हणून परत आला.

गणेशखिंड_केमिस्ट

बरोबर आहे काकांचं. साध्या कोळशाची छिद्रं डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली असतात आणि पृष्ठभाग फार कमी. ॲक्टिव्हेट केलं की ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो, सगळा खेळ त्या ॲक्टिव्हेशनचाच. ते दोन प्रकारे होतं, ॲसिड किंवा तसलं केमिकल घालून चारशे-पाचशे डिग्रीला, नाहीतर वाफ देऊन आठशे-नऊशे डिग्रीला. वाफेच्या कार्बनचा पृष्ठभाग साधारण बेसिक असतो, त्यामुळे रिॲक्टिव्ह रंग तो जास्त आपलेपणाने घेतो. पण नऊशे डिग्रीला वाफ सोडणं हे धायरीच्या शेडमध्ये करायचं काम नाही, प्लीज.

शनिवारपेठी

बाकी कोणी नाही तरी मुठेवरच्या भिडे पुलाखालचे बगळे तुम्हाला दुवा देतील ताई. त्यांना रोज फेस बघायची सवय झालीये, काळं पाणी तेवढं बाकी होतं.

पिंपरी_ईटीपी

हा हा. पण ताई विचारतायत तरी, नाहीतर लोक रात्री वॉल्व्ह उघडून मोकळे होतात.

आता स्वस्त की महाग त्यावर येतो, कारण मूळ प्रश्न तो आहे आणि सगळे पीएचवरच अडकलेत. हिशोब कापडाच्या किलोवर करा, लिटरवर केला की डोळ्यात धूळ जाते. काळ्याला सहा टक्के शेड धरा, म्हणजे १ किलो कापडाला ६० ग्रॅम रंग. त्यातला तीस टक्के तरी कापडाला न लागता पाण्यात येतो, रिॲक्टिव्हमध्ये हे नेहमीचं आहे, म्हणजे १८ ग्रॅम. वरच्या सरांनी सांगितलेले ग्रॅमला ५० मिलिग्रॅम घेतले तर १८ ग्रॅम रंगाला ३६० ग्रॅम कार्बन. एका किलो कापडाला! दहा किलोची बॅच काढली की ३.६ किलो कार्बन. लाकडापासून फॉस्फोरिकने साधारण चाळीस टक्के कार्बन हाती लागतो, तर ९ किलो सुका भुसा, आणि भाच्याने भुशाएवढंच ॲसिड घेतलं असेल तर ९ किलो ॲसिड. दहा किलो दुपट्ट्यांसाठी!! भुसा फुकट मिळाला म्हणून कार्बन स्वस्त झाला असं होत नाही ना, पैसा ॲसिडमध्ये, भट्टीत आणि धुण्यात आहे. मोठे कारखाने ते ॲसिड धुऊन परत गोळा करून फिरवतात, म्हणून त्यांना परवडतं. आणि भाच्याला विचारा कार्बन धुतलेलं पाणी कुठे ओतलं. त्यात फॉस्फेट असतं, आणि मुळा-मुठेतल्या जलपर्णीला खत घालायची काही गरज नाहीये, ती आधीच माजलीये.

म्हणून कार्बनला पहिल्या नंबरला खेळवायचंच नाही. आधी हिराकस आणि चुना. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खडे मिळतात, स्वस्त. तुमचं पाणी आधीच अल्कली असल्यामुळे चुना कमी लागेल, उलट सोय झाली. बादलीत जार टेस्ट करा, म्हणजे किती डोस लागतो त्याची छोटी चाचणी, हिराकशीचं पाणी थोडं थोडं वाढवत टाका, पीएच ९ ते १० च्या मध्ये ठेवा, एक मिनिट जोरात ढवळा, मग हळूहळू पंधरा मिनिटं, आणि सोडून द्या. हिरवट-काळा साका खाली बसतो आणि वरची निवळ फिकी पिवळसर निघते. तुरटीने रिॲक्टिव्ह रंग नीट पडत नाही, डिस्पर्स (पॉलिएस्टरचा न विरघळणारा रंग) पडतो, पण तुमच्याकडे डिस्पर्स नाहीयेच. हिराकशीने ऐंशी-नव्वद टक्के रंग गेला की उरलेल्या दोन-साडेतीन ग्रॅमसाठी कार्बन लागतो, म्हणजे वरच्या ३६० ग्रॅमचे पस्तीस-सत्तर ग्रॅम झाले.

अजून एक, पहिला बाथ आणि नंतरची धुण्याची पाणी एकत्र करू नका. बरंचसं मीठ आणि जास्तीत जास्त रंग पहिल्या थोड्या पाण्यात असतो, ते वेगळ्या पिंपात घ्या. शेवटच्या दोन धुण्यांचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं, दीड-दोन हजार लिटरचे हजार करता येतील.

धायरीची_रंगारीण

बाप रे, हे किलोवरचं गणित कोणी कधी सांगितलंच नाही, कोटेशनवाल्याने तर नाहीच. तो आयोडीन नंबर हजार आहे हजार आहे एवढंच म्हणत होता. ते बघायचं असतं का? आणि बाटिकच्या पाण्यात मेण असतं, सिलिकेट पण लावतो आम्ही काही कापडांना, त्याचं काय?

गणेशखिंड_केमिस्ट

आयोडीनचा रेणू चिमुकला असतो, त्यामुळे तो नंबर बारीक छिद्रांचा हिशोब सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरला तो बघणं ठीक. रंगाच्या कामाला मोलॅसिस नंबर विचारा, मळीतले रंगद्रव्य मोठ्या रेणूंचे असतात, साखर आणि तेल साफ करणारे लोक तोच बघतात. शिवाय राख किती टक्के ते विचारा. आणि सगळ्यात बरं म्हणजे पाव किलो सॅम्पल मागा आणि तुमच्याच निवळलेल्या पाण्यात बाटलीत टाकून बघा, कागदावरचा कुठलाही नंबर तुमच्या काळ्या रंगाला ओळखत नाही.

मेण कार्बनमध्ये जाऊ देऊ नका, छिद्रांवर साय धरल्यासारखं बसतं आणि सगळा डोस वाया. उकळून मेण काढता ते पाणी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी वर थर जमतो, तो काढून घ्या, परत वापरता पण येतो. सिलिकेट जरा वैतागाचं आहे. अल्कलीत ते विरघळलेलं असतं, पीएच खाली आणलात की सिलिका चिकट जेलीसारखी बाहेर पडते आणि फिल्टरचा कपडा बंद करते. चुना घातलात तर त्यातलं बरंचसं साक्याबरोबर खाली जाईल, म्हणून पण चुना-हिराकस आधीच.

एक मुद्दा मात्र मी पिंपरीच्या दादांच्या बोलण्यात घालेन. हिराकशीने रंग जातो तेव्हा काही रंग नुसता साक्यात बसत नाही, ॲझो बंध तुटून रेणूचे तुकडे होतात, आणि त्यातून ॲरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात. डोळ्याला पाणी साफ, पण ते पाण्यात आहेत. तिथे शेवटचा कार्बन उपयोगी पडतो, छोटे रेणू आहेत आणि तो ते धरतो. म्हणून "रंग गेला, आता कार्बनचा खर्च वाचवू" असं करू नका. पाणी पारदर्शक दिसलं तरी सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची रासायनिक चाचणी, करून घ्या.

फाइल_पुढे_सरकवा

मी कन्सेंटची, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीची, कामं करतो, म्हणून थोडं कडू बोलतो. डाइंग, ब्लीचिंग, प्रिंटिंग ज्यातून सांडपाणी निघतं ते सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) २०१६ च्या वर्गवारीत रेड कॅटेगरी, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत, होतं, लहान असो वा मोठं. नवीन जागा घेताय तर भाडेकरार करण्याआधी तिथे रेड कॅटेगरी चालते का ते बघा, नाहीतर ईटीपी बांधून बसाल आणि कन्सेंट टू एस्टॅब्लिश, म्हणजे उभारणीची परवानगीच, मिळणार नाही. पैसे अडकलेले लोक मी बघितलेत.

डाइंगला नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचे आकडे असे आहेत: पीएच ६.५ ते ८.५, बीओडी (जिवाणूंना कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी २५०, सस्पेंडेड सॉलिड १००, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट, आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) २१००, सगळे मिलिग्रॅम पर लिटरमध्ये, पीएच आणि रंग सोडून. कन्सेंटमध्ये तुमच्यासाठी काय लिहिलंय ते शेवटी महत्त्वाचं. आता तुमच्या बाथमध्ये लिटरला ४०-५० ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएस पन्नास हजाराच्या आसपास. कार्बन मिठाला हात लावत नाही. लाकडाचा असो, करवंटीचा असो, सोन्याचा असो. पाणी नितळ दिसतं, चाखलं तर समुद्र. तिरुपूरला हेच झालं, मिठाचं पाणी नोय्यल नदीत जात राहिलं, आणि २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने झिरो लिक्विड डिस्चार्ज (सांडपाणी अजिबात बाहेर न सोडणं) नसलेली डाइंग युनिटं बंद करायला लावली.

आणि वापरून झालेला कार्बन कुठे टाकणार हे इथे कोणीच बोललं नाही. तो हॅझार्डस वेस्टमध्ये येतो, २०१६ च्या नियमांच्या पहिल्या शेड्यूलमध्ये ३६.२, स्पेंट कार्बन. हिराकशीचा साका ३५.३. दोन्ही बंद, छपराखाली, लेबल लावून ठेवायचं आणि अधिकृत ठिकाणी द्यायचं, आपल्याकडून रांजणगावला जातं. बागेत खत म्हणून नाही, कचऱ्याच्या गाडीत नाही. भट्टीत परत तापवून कार्बन नवा करता येतो असं पुस्तकात असतं, पावडरच्या बाबतीत छोट्या युनिटला ते जमत नाही. किलोमागे विल्हेवाटीचा खर्च कार्बनच्या भावात मिळवा आणि मग "लो कॉस्ट" म्हणा. साका ओला दिलात तर पाण्याचे पैसे देता, तेव्हा आधी छपराखालच्या सँड बेडवर, म्हणजे वाळूच्या वाफ्यावर, सुकवा.

वखारवाला

म्हणजे भुसा फुकट, बाकी सगळ्याला पैसे. आमच्या धंद्यासारखंच की.

धायरीची_रंगारीण

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. भाच्याला हा धागा वाचायला दिला, तो थोडा नाराज झाला पण मग कामाला लागला. बाथचं पाणी वेगळं पिंपात घेतलं, हिराकस-चुना बादलीत केला, साका अर्ध्या तासात बसला आणि वरचं पाणी गवती चहासारखं दिसत होतं. त्यावर पीएच ७ च्या जवळ आणून आमचाच कार्बन लिटरला १ ग्रॅम टाकला तर तो चहाचा रंग पण जवळजवळ गेला. मेथिलीन ब्लूइतकं जादूचं नाही, पण काळ्यावर काहीच होत नव्हतं त्यापेक्षा लाख पटीने बरं. कार्बन मात्र आता विकत घ्यायचा ठरवलंय, भाच्याचा कार्बन त्याच्या सबमिशनपुरता. जागेचं पण विचारते आधी.

एक राहिलं, मिठाचं. या साफ झालेल्या बाथच्या पाण्यात मीठ तर तसंच आहे म्हणता, मग ते फेकायचं कशाला, परत काळ्यालाच वापरलं तर?

पिंपरी_ईटीपी

बरोबर लाइनीवर आलात. करतात असं, आणि मिठाच्या त्रासावर तुमच्या साइजला मला तेवढाच परवडणारा रस्ता दिसतो. पण तीन भानगडी आहेत. हिराकशीतलं लोखंड थोडं पाण्यात उरतं, ते फिक्या शेड मळवून टाकतं, म्हणून ते पाणी फक्त काळ्याला आणि नेव्हीला, पिवळ्या-गुलाबीच्या जवळ पण नेऊ नका. थोडी हवा मारली तर लोखंड तांबूस होऊन खाली बसतं, मग गाळून घ्या. दुसरं, अल्कली. बाथला लागायच्या आधीच पाणी अल्कली असेल तर रंग कापडाला भिडायच्या आत पाण्यातच मरतो आणि तुम्हाला वाटेल पुडा खराब आला, म्हणून पीएच ७ ला आणूनच वापरा. तो उतरवायला सल्फ्युरिक घातलंत तर सल्फेट वाढतं, पण रंगाईला सल्फेट चालतं, ग्लॉबर सॉल्ट तेच आहे. व्हिनेगर ओतू नका, सीओडी वाढेल. तिसरं, चुन्यातला कॅल्शियम. त्याने पाणी जड होतं आणि कपड्यावर ठिपके येतात, तर नंतर थोडा सोडा ॲश टाकून तो पाडून, गाळून घ्या, आणि पीएच ७ ला आणायचं काम त्यानंतर.

मीठ किती उरलंय ते साध्या टीडीएस मीटरवर कळणार नाही, बहुतेक मीटर तेवढं वरचं दाखवत नाहीत. दहापट पातळ करून मोजा आणि दहाने गुणा. आणि सरळ बॅच लावू नका, रुमालाएवढा तुकडा रंगवून वाळवून नेहमीच्या काळ्याशेजारी दिवसाउजेडी धरून बघा, ट्यूबलाइटखाली सगळेच काळे सारखे दिसतात.

धायरीची_रंगारीण

सोमवारी काळ्याची बॅच आहे, तेव्हा तुकडा लावते आणि फोटो टाकते. हवा मारायला फिश टँकचा पंप चालेल ना पिंपाला?

पिंपरी_ईटीपी

दोनशे लिटरच्या पिंपाला दोन लावा आणि रात्रभर चालू ठेवा.